कोंबड्यांच्या खाद्यांत अळंबीची पूड : आशा आणि हिशेब

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आढळतो. कोंबड्यांच्या खाद्यांत अळंबीची पूड मिसळली म्हणजे पक्षी लवकर भरतात, रोगराई हटते व औषधांचा खर्च वांचतो, असें फिरते विक्रेते सांगत आहेत. तें कितपत खरें मानावें, आणि त्यासाठीं पैसा घालावा कीं नाहीं? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ अशा एका शब्दांत देणें म्हणजे वाचकांची दिशाभूल करण्यासारखें आहे. सबब ह्या विषयावर आमचें मत काय आहे व तें कोणत्या आधारावर बनलें आहे, हें जरा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रश्न आजच कां उत्पन्न व्हावा, ह्याचें कारण उघड आहे. कोंबड्या पाळणाराच्या एकंदर खर्चापैकीं शेंकडा ६५ ते ७० हिस्सा एकट्या खाद्याचा असतो, आणि त्या खाद्याचे दोन आधारस्तंभ म्हणजे मका व सोयाबीनची पेंड. ह्या दोन्ही जिनसांचे भाव शेतकऱ्याच्या हातीं नाहींत. १९२१ सालच्या दुष्काळाची आठवण आतां कोणास राहिली नाहीं. परंतु २०२१ सालचा उन्हाळा व पावसाळा वाचकांस खचित आठवत असेल. त्या वर्षीं सोयाबीनचा भाव क्विंटलास १०,००० रुपयांच्या आसपास गेला, कोंबड्यांवाल्यांनीं आकांत केला, आणि ऑगस्ट महिन्यांत सरकारनें १२ लाख टन सोयापेंड परदेशांतून आणण्यास परवानगी दिली. आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांची स्थिति त्या वेळीं मोठी चमत्कारिक झाली होती. शेतांतील सोयाबीन विकणारा तोच आणि खुराड्यासाठीं पेंड विकत घेणाराही तोच. एका हातास लाभ व दुसऱ्या हातास टंचाई! अलीकडे मक्यालाही इथेनॉलच्या कारखान्यांचें नवें गिऱ्हाईक मिळालें आहे. मका पिकविणारास ही गोष्ट इष्टच आहे. पण पक्ष्यांच्या तोंडचा घांस तितकाच महाग झाला. अशा वेळीं खाद्य थोडें लागून पक्षी अधिक भरेल, असें कोणी सांगितलें, तर ऐकणाराचे कान टवकारावे ह्यांत नवल नाहीं.

दुसरें कारण औषधांचें. तें समजण्यास थोडा मागील इतिहास पाहिला पाहिजे. १९५० च्या सुमारास अमेरिकेंत लेडर्ली येथील प्रयोगशाळेंत ज्यूक्स व स्टोकस्टॅड हे दोन शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांसाठीं स्वस्त जीवनसत्त्वाच्या शोधांत होते. ऑरिओमायसिन हें प्रतिजैविक औषध तयार करितांना जो आंबविलेला गाळ शिल्लक राहतो, तो त्यांनीं पिल्लांस चारून पाहिला; तों पिल्लें अपेक्षेपेक्षां पुष्कळच झपाट्यानें वाढूं लागलीं. जीवनसत्त्वाच्या मानानें ही वाढ फार होती; गाळांत उरलेला औषधाचा अंश हें काम करीत होता. टाकाऊ गाळापासून सोनें निघालें, असें सर्वांस वाटलें, आणि पुढें कित्येक दशकें निरोगी पक्ष्यांसही रोजच्या खाद्यांतून प्रतिजैविकें देण्याची चाल जगभर पडली.

ह्या चालीचें फळ काय झालें, तें आतां सर्वश्रुत आहे. रोज थोडथोडें औषध मिळत गेल्यानें त्यास न जुमानणारे जंतु निपजले, आणि जीं औषधें माणसाच्या दुखण्यांत अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवावयाचीं, तींच निकामी होऊं लागलीं. स्वीडननें १९८६ सालीं वाढीसाठीं प्रतिजैविकें चारण्याची बंदी केली. युरोपीय संघांतील सर्व देशांत ती १ जानेवारी २००६ पासून पूर्णपणें अंमलांत आली. आपल्याकडे २०१९ च्या जुलै महिन्यांत कोलिस्टिन ह्या औषधाचा जनावरें, कोंबड्या व त्यांचें खाद्य ह्यांतील उपयोग सरकारनें बंद केला. हा मार्ग पुढें अधिकच अरुंद होत जाणार, ह्याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. तेव्हां प्रतिजैविकांच्या जागीं काय द्यावें, हा शोध चालू असतां लसूण, हळद, ताक, सेंद्रिय आम्लें ह्यांच्याबरोबर अळंबीचेंही नांव पुढें आलें, तें योग्यच आहे. मात्र एक धडा विसरूं नये. प्रतिजैविकेंही एकदां अशीच टाकाऊ पदार्थांतून आलेली स्वस्त जादू म्हणून घरांत शिरलीं, आणि त्या वेळीं कोणीं फारसे प्रश्न विचारले नाहींत. ह्या खेपेस प्रश्न आधीं विचारावे व जिन्नस मागून घ्यावा.

आतां अळंबींत आहे तरी काय, तें पाहूं. ताज्या अळंबींत शेंकडा ९० पाणी असतें. म्हणजे १० किलो ताजी अळंबी वाळविली कीं जेमतेम १ किलो पूड हातीं लागते. ह्या पुडींत प्रथिनें आहेत, ब वर्गाचीं जीवनसत्त्वें आहेत, पोटॅश व स्फुरद हे क्षार आहेत. परंतु ज्या द्रव्यासाठीं तिचा एवढा बोलबाला आहे, तें द्रव्य निराळें. अळंबी ही बुरशीच्याच कुळांतील वनस्पतिसदृश सृष्टि असल्यामुळें तिच्या पेशींच्या भिंती कायटिन व बीटा-ग्लुकान नांवाच्या द्रव्यांच्या बनलेल्या असतात. कोंबडीच्या पाचकरसांनीं बीटा-ग्लुकान पचत नाहीं. तें आंतड्यांतून पुढें जात असतां पक्ष्याच्या शरीरांतील ज्या पेशी रोगजंतूंवर पहारा करितात, त्या ह्या द्रव्यास ‘बुरशी आली’ अशा समजुतीनें ओळखतात व सावध होतात. गांवांत चोर आला नसतांही एखाद्या पाहुण्याच्या पावलांनीं राखणदार जागा व्हावा, तसा हा प्रकार आहे. शिवाय जो भाग न पचतां मोठ्या आंतड्याच्या टोंकाशीं असलेल्या आंधळ्या पिशव्यांपर्यंत पोहोंचतो, त्यावर तेथील उपयुक्त जंतु पोसतात व त्यांची संख्या वाढली म्हणजे अपायकारक जंतूंस जागा उरत नाहीं.

ही केवळ कल्पना नव्हे. ग्रीस देशांतील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांसल कोंबड्यांच्या दर किलो खाद्यांत पांढऱ्या बटन अळंबीची वाळलेली पूड १० व २० ग्रॅम ह्या प्रमाणांत मिसळली होती. त्या पक्ष्यांच्या आंतड्यांत दुग्धाम्ल उत्पन्न करणारे हितकारक जंतु अधिक आढळले. अमेरिकेंत उत्तर कॅरोलिना येथें शिताके अळंबीचें कवकजाल धान्यावर वाढवून तें धान्यच पक्ष्यांस चारण्याचे प्रयोग झाले आहेत. चीन व युरोप ह्या खंडांतही ह्या विषयावर पुष्कळ काम झालें आहे. तथापि सर्व प्रयोगांचे निकाल एका तोंडाचे नाहींत, हें आम्हांस वाचकांपासून लपवून ठेवावयाचें नाहीं. कोठें वजन वाढलें, कोठें वजन तेंच राहून फक्त आंतड्याची स्थिति सुधारली, तर कोठें कांहींच फरक पडला नाहीं. अळंबीची जात, तिचा कोणता भाग, ती कशावर वाढविली, कशी वाळविली, पक्षी स्वच्छ घरांत होते कीं गलिच्छ, ह्या सर्व गोष्टींवर परिणाम अवलंबून राहतो. जेथें घर कोरडें, हवेशीर व पक्षी निरोगी, तेथें सुधारणेस वावच थोडा. हेंही ध्यानांत ठेवावें.

ह्यापुढें ज्या दाव्यांचा आम्हांस स्पष्ट निषेध करावयाचा आहे, त्यांकडे वळतों. पहिला दावा असा कीं, अळंबीची पूड घातली कीं सोयाबीनची पेंड कमी करितां येते. हा दावा कागदावरच्या आंकड्यांनीं भुलविणारा आहे. प्रयोगशाळेंत प्रथिनांचें मोजमाप नत्रावरून करितात. निघालेल्या नत्रास ६.२५ नें गुणावयाचें, अशी सर्वसाधारण रीत आहे. पण अळंबीच्या नत्रापैकीं कांहीं हिस्सा कायटिनांत अडकलेला असतो व त्याचें मांस किंवा अंडें होत नाहीं. म्हणून अळंबीसाठीं ४.३८ हा गुणक धरणें योग्य मानितात. पिशवीवर शेंकडा २५ प्रथिनें छापलेलीं असलीं, तर खरीं प्रथिनें १७ ते १८ च्या घरांत येतात. सोयापेंडींत हीं शेंकडा ४४ ते ४८ असतात. तेव्हां पेंड काढून पूड घालणें म्हणजे बैल विकून वासरू जुंपण्यासारखें होय. पुडींत पचनीय शक्तीही मक्याच्या मानानें फार थोडी. म्हणून तिचें प्रमाण वाढवीत गेल्यास गुण वाढत नाहीं, उलट खाद्य हलकें पडतें. शेंकडा १ ते २ ही पूड मसाला म्हणून ठीक. भाकरी म्हणून नव्हे.

दुसरा दावा जीवनसत्त्व ड ह्याचा. अळंबी उन्हांत वाळविली कीं तिच्यांत हें जीवनसत्त्व भरपूर तयार होतें, ही गोष्ट खरी. पण अळंबींत तयार होतें तें ड-२, आणि कोंबडीस लागतें तें ड-३. माणसास ड-२ उपयोगी पडतें. कोंबडीच्या शरीरांत मात्र त्याचा उपयोग अगदींच थोडा होतो. ह्या भरंवशावर नेहमींचें जीवनसत्त्वाचें मिश्रण बंद करणाराच्या पिल्लांचे पाय वांकले व अंड्यांचीं कवचें पातळ पडलीं, तर दोष कोणास देणार?

तिसरा दावा सर्वांत घातक. पूड सुरू केली कीं लस टोंचण्याची गरज राहत नाहीं, असें सांगणारेही भेटतात. मानमोडी, गंबोरो, देवी हे रोग कोणत्याही पुडीस भीक घालीत नाहींत. पूड ही लसीची जागा घेऊं शकत नाहीं, आजारी पक्ष्यावर ती औषध नव्हे, आणि ओल्या लादीचा व कोंदट हवेचा दोष ती झांकूं शकत नाहीं. स्वीडनमध्यें प्रतिजैविकें बंद झाल्यावर तेथील धंदा टिकला, तो एखाद्या पुडीच्या चमत्कारानें नव्हे. घराची स्वच्छता, हवा, खाद्याचा दर्जा व नियमित देखरेख सुधारल्यानें टिकला.

आतां पैशाचा हिशेब. येथें आम्ही आंकडे उदाहरणादाखल घेतों. वाचकांनीं त्या जागीं आपले भाव घालावे. समजा, तयार खाद्याचा भाव क्विंटलास ४,००० रुपये आहे व डब्यांतील अळंबीची पूड किलोस ३०० रुपये पडते. शेंकडा १ प्रमाणानें एका क्विंटल खाद्यास १ किलो पूड, म्हणजे खाद्य ४,३०० रुपयांस पडलें. मांसल पक्ष्यास १ किलो वजनासाठीं १ किलो ७५० ग्रॅम खाद्य लागत असेल, तर पूर्वींचा खर्च ७० रुपये. तोच खर्च राखावयाचा तर नव्या खाद्यापैकीं १ किलो ६३० ग्रॅमच लागलें पाहिजे. म्हणजे दर किलो वजनामागें १२० ग्रॅम खाद्य वांचलें, तर बरोबरी. त्याहून अधिक वांचलें, तर नफा. इतकी बचत प्रत्येक तुकडींत होईल, अशी खात्री कोणी लिहून देत असेल, तर त्याच्याकडून ती अवश्य लिहून घ्यावी. नाहीं तर ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आपल्याच अंगणांत खरी ठरावयाची.

ताजी, विकाऊ अळंबी वाळवून कोंबड्यांस घालण्याचा विचार तर कोणीं मनांतही आणूं नये. १०० मांसल पक्षी बाजारांत जाईपर्यंत साडेतीन ते चार क्विंटल खाद्य खातात. त्याच्या शेंकडा १ म्हणजे साडेतीन ते चार किलो पूड, अर्थात् ३५ ते ४० किलो ताजी अळंबी. एवढी अळंबी शहराच्या बाजारांत विकून जें येईल, तें कोंबडीच्या पोटांतून परत येणें शक्य नाहीं.

मग अळंबीचा हा सारा विचार टाकूनच द्यावा काय? नाहीं, आणि येथेंच आमचें खरें म्हणणें सुरू होतें. आपल्या भागांत धिंगरी अळंबीची लागवड करणारे लहान लहान उत्पादक आतां बरेच झाले आहेत. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतील अळंबी संशोधन प्रकल्पानें व हिमाचलांतील सोलन येथील अळंबी संशोधन संचालनालयानें ही विद्या शेतकऱ्यापर्यंत पोहोंचविली आहे. गव्हाचें काड किंवा भाताचा पेंढा भिजवून, निर्जंतुक करून, त्यांत बियाणें मिसळून पिशव्या भरल्या कीं महिना-सव्वा महिन्यांत पहिली काढणी मिळूं लागते. ह्या काढणींत प्रत्येक झुबक्याचा चिवट बुंधा कापून टाकावा लागतो. कांहीं छत्र्या फुटतात, कांहीं वेडीवांकडी वाढतात, आणि ज्या दिवशीं बाजार बसतो त्या दिवशीं चांगला मालही परत येतो. ताजी अळंबी एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीं. हा सर्व माल आज उकिरड्यावर जातो. बुंध्यांतही बीटा-ग्लुकान असतेंच; तो चिवट असतो म्हणून माणूस खात नाहीं, एवढाच त्याचा अपराध.

हिशेब करून पाहूं. समजा, एका उत्पादकाकडे रोज १० किलो काढणी होते व तींत १ किलो बुंधे-तुकडे निघतात. त्यांची पूड १०० ग्रॅम झाली. शेंकडा १ प्रमाणानें ती १० किलो खाद्यास पुरते. अंडीं देणारी कोंबडी दिवसाला सुमारें ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे एवढ्याशा टाकाऊ मालावर ९० कोंबड्यांची रोजची गरज भागली. ह्यास खर्च काय? वाळविण्याचे श्रम व दळणाची मजुरी. येथें १२० ग्रॅम खाद्य वांचलेंच पाहिजे, अशी टांगती तलवार डोक्यावर नाहीं. थोडा गुण आला तरी तो पदरांतच पडला, आणि न आला तरी बुडालें फारसें कांहीं नाहीं. डब्यांतील पूड आणि उकिरड्यावरचा बुंधा ह्यांत गुणाचा भेद असेल वा नसेल. जोखमीचा भेद मात्र जमीन-अस्मानाचा आहे.

परंतु ह्या स्वस्त मार्गावरही चार खड्डे आहेत. पहिला खड्डा आमच्याच पायाखालीं आला, म्हणून तो प्रथम सांगतों. एका श्रावणांत आम्हीं अळंबीचे बुंधे पोत्यांत भरून माळ्यावर ठेविले. वरून ते वाळलेले दिसत होते. आंत ओल राहिली होती. पंधरा दिवसांनीं पोतें सोडलें, तों कुबट वास आला व तळाशीं हिरवट-काळी बुरशी धरलेली दिसली. घरांतील मंडळींचें म्हणणें पडलें कीं, अळंबी ही बुरशीच, मग आणखी बुरशीनें काय बिघडतें? आम्हीं तें पोतें खताच्या खड्ड्यांत टाकलें, व तें टाकलें हेंच बरें केलें, असें अजून वाटतें. बुरशी बुरशींत अंतर असतें. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. त्याचा शोध लावतां ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीचें विष हें कारण निघालें. तेंच आज आपण अफ्लाटॉक्सिन म्हणून ओळखतों. हें विष यकृत नासवितें व जी रोगप्रतिकारशक्ति वाढावी म्हणून आपण पूड घालतों, तिचाच नाश करितें. म्हणून बुंधे कापल्या दिवशींच पातळ चिरून, कडक उन्हांत किंवा ५० ते ६० अंशांच्या वाळवणयंत्रांत, मोडल्यावर कडकन् आवाज होईपर्यंत वाळवावे. ओलावा शेंकडा १० च्या वर राहूं नये. पूड हवाबंद डब्यांत ठेवावी व एका महिन्यापुरतीच करावी. पावसाळ्यांत वाळवणयंत्र नसेल, तर हा उद्योग करूंच नये.

दुसरा खड्डा रसायनांचा. काड निर्जंतुक करण्याच्या दोन रीती आहेत : एक गरम पाण्याची किंवा वाफेची, आणि दुसरी फॉर्मालिन व कार्बेन्डाझिम मिसळलेल्या पाण्याची. दुसरी रीत स्वस्त म्हणून पुष्कळ ठिकाणीं चालते. बुंध्याच्या तळाशीं काडाचे तुकडे चिकटलेले असतात. ज्यांचा माल खाद्यासाठीं घ्यावयाचा, त्यांनीं काड वाफेनें किंवा गरम पाण्यानेंच निर्जंतुक केलेलें असावें, आणि चिकटलेलें काड खरडून टाकावें. औषधाचा अंश टाळण्यासाठीं पूड घालावयाची व पुडींतूनच दुसरा अंश चारावयाचा, हा कोणता शहाणपणा?

तिसरा खड्डा रानांतील अळंबीचा. पहिल्या पावसांत डोंगरउतारावर, वारुळांवर नाना तऱ्हेच्या छत्र्या उगवतात. त्यांपैकीं कांहीं खाण्यास उत्तम, कांहीं प्राणघातक. आणि जाणत्या माणसाचाही डोळा कधीं कधीं चुकतो. फुकट मिळते म्हणून ही अळंबी खुराड्यांत नेऊं नये. चौथा खड्डा उरलेल्या काडाचा. अळंबी निघून गेल्यावर राहिलेलें काड ‘सकस झालें’ म्हणून कोंबड्यांच्या खाद्यांत दळून घालावें, अशी सूचना आमच्याकडे आली आहे. कोंबडी ही गाय नव्हे. तिला रवंथ करण्याचें पोट नाहीं. काडांतील चिवट तंतु व राख तिच्या कामाची नाहीं. तें काड शेणाबरोबर कुजवून शेतांत घालावें. तेथें त्याचें सार्थक आहे.

एवढ्यानें विषय संपत नाहीं. कारण आमच्या शब्दावर विसंबून कोणीं पूड घालावी, असेंही आम्हांस वाटत नाहीं. ज्याचें त्यानें आपल्या अंगणांत पाहावें. पाहण्याची रीत मात्र नेटकी असावी. पुष्कळ जण पूड सुरू करितात आणि ‘मागच्या तुकडीपेक्षां ही बरी निघाली’ असें म्हणून मोकळे होतात. मागची तुकडी वैशाखांत होती व ही कार्तिकांत, हें ते विसरतात. खरी परीक्षा अशी : एकाच दिवशीं एकाच ठिकाणाहून आलेलीं १०० पिल्लें घ्यावीं. धष्टपुष्ट एकीकडे व रोडकीं दुसरीकडे, असें न करितां डोळे मिटून वांटणी करावी. एकाच घराचे जाळीनें दोन भाग करून ५०-५० पिल्लें ठेवावीं. पाणी, लस, उजेड, लादी सर्व एकसारखें. खाद्यही एकाच ढिगाचें. फक्त एका बाजूस किलोमागें १० ग्रॅम पूड अधिक. दर आठवड्यास दिलेलें खाद्य, उरलेलें खाद्य, पक्ष्यांचें वजन व मेलेल्यांची संख्या वहींत टिपावी. पुढच्या तुकडीस बाजू बदलावी. नाहीं तर वाऱ्याच्या बाजूचा गुण पुडीच्या खात्यावर जमा व्हावयाचा. अशा तीन तुकड्या तीन ऋतूंत झाल्या म्हणजे वहीच उत्तर देईल. विक्रेत्यास विचारण्याची गरज राहणार नाहीं.

येथें एका वर्गाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. कंपनीशीं करार करून पक्षी वाढविणारे आमचे पुष्कळ बंधु आहेत. पिल्लें, खाद्य व औषधें कंपनीचीं. घर, वीज, पाणी व श्रम ह्यांचे. त्यांनीं आपल्या मनानें खाद्यांत कांहीं मिसळूं नये. तो कराराचा भंग होईल व नुकसान झाल्यास सर्व बोजा त्यांच्यावर पडेल. पण त्यांस विचारण्याचा अधिकार आहे. आपल्या घरांत येणाऱ्या खाद्यांत कोणतें औषध आहे, तें कशासाठीं आहे, आणि विक्रीपूर्वीं किती दिवस बंद करावयाचें आहे, हें त्यांनीं लेखी मागावें. ज्या पक्ष्यांच्या लादीचें खत आपल्याच शेतांत जातें व ज्यांचें मांस आपल्याच गांवांत विकलें जातें, त्यांच्या पोटांत काय जातें हें न विचारणें ही सोशिकता नव्हे, बेफिकिरी आहे.

आतां आमच्या मंडळाकडे व इतर शेतकरी संस्थांकडे आमचें मागणें. एकट्यादुकट्या उत्पादकाचा किलोभर बुंधा ही क्षुद्र वस्तु आहे. दहा उत्पादकांचा मिळून तो रोजचा उद्योग होतो. एका गांवांत अळंबीवाले व कोंबडीवाले दोघेही असतात. पण एकाचा उकिरडा दुसऱ्याच्या उपयोगाचा आहे, हें सांगणारा मध्यस्थ नसतो. संस्थेनें एक सामायिक वाळवणयंत्र व एक चक्की घ्यावी. बुंध्यांचा माफक भाव ठरवावा. पुडीची प्रत्येक खेप ओलावा व अफ्लाटॉक्सिन ह्यांसाठीं तपासून घ्यावी. आणि सभासदांस ती ना नफा ना तोटा ह्या तत्त्वावर द्यावी. विकतची पूड घेणाऱ्या सभासदांच्या वतीनें संस्थेनें विक्रेत्यास लेखी विचारावें कीं, पूड कोणत्या जातीची, फळाची कीं धान्यावर वाढविलेल्या कवकजालाची, तींत ओलावा किती, राख किती, बीटा-ग्लुकान किती. धान्यावरील कवकजालाची पूड असेल, तर तींत निम्मेशिम्मे धान्यच असण्याचा संभव. मग आपण मक्याचा भरडाच मसाल्याच्या भावानें विकत घेत नाहीं ना, हें कळेल. उत्तर टाळणाऱ्याचा माल परत पाठवावा. कृषि विद्यापीठांसही आमची विनंति आहे कीं, परदेशांतील स्वच्छ प्रयोगगृहांत काय झालें, हें सांगण्यापेक्षां आपल्या पत्र्याच्या छपराखालीं, आपल्या उन्हाळ्यांत, धिंगरीच्या बुंध्यांचा काय परिणाम होतो, हें शेतकऱ्यांच्या घरांत येऊन पाहावें.

सारांश, अळंबीची पूड हें थोतांड नव्हे आणि कामधेनुही नव्हे. पक्ष्याच्या आंतड्यास हितकारक असा तो एक मसाला आहे. तो प्रमाणांत, कोरडा, स्वच्छ व जवळजवळ फुकट मिळत असेल, तर अवश्य वापरावा. महागाईनें विकत घ्यावा लागत असेल, तर आधीं वही उघडावी. प्रतिजैविकांचा काळ मावळत आहे. त्यांच्या जागीं नवी डबी शोधण्यांत आपण आपली सगळी हुशारी खर्चूं नये. कोरडी लादी, मोकळी हवा, वेळेवर लस, ताजें खाद्य व नीट ठेवलेली वही हीच खरी पुष्टि. पूड त्यावरील चिमूटभर मीठ. ज्या वाचकांनीं वर सांगितल्याप्रमाणें दोन बाजूंची परीक्षा केली असेल, त्यांनीं आपले आंकडे आम्हांकडे पाठवावे. निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो आम्ही सारख्याच आदरानें छापूं. कारण फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद हीदेखील शेजाऱ्यास केलेली मोठी मदतच होय.